हिमाचलच्या ट्राउट नद्यांवर स्थानिक गाईड ठरवताना: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी फेब्रुवारी सरत आला आणि दुपारचे ऊन टोचू लागले की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि धुळे या भागांतील हौशी मासेमारांचे फोन सुरू होतात, आणि त्यांतील निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: तिकडे गाईड घ्यावा का, घ्यावा तर कोणता, आणि त्याला नेमके पैसे कशाचे द्यायचे. भुसावळहून हिमाचलच्या नद्यांवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा फ्लायने, म्हणजे पिसांच्या बनावट किड्याने, पकडायला जाण्याचा परिपाठ आमच्या छोट्या मंडळाने बरीच वर्षे सांभाळला आहे. पहिल्या दोन वर्षांत आम्ही गाईड न घेता गेलो होतो. खालची बरीचशी उत्तरे त्या दोन वर्षांनी शिकवलेली आहेत.

गिरणा आणि तापीवर वीस वर्षे गळ टाकला आहे. मग मला गाईडची गरज काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणारा माणूस बहुधा खरोखरच चांगला मासेमार असतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. आपल्याकडच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि ते शिसेच दोरी ओढत नेते. गोफणीतला दगड जसा आपल्या वजनाने जातो तसाच हा प्रकार आहे. फ्लायमध्ये सगळेच उलटे असते. पिसे, केस आणि दोरा आकड्यावर गुंडाळून केलेल्या त्या बनावट किड्याला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते जाड, वेष्टण दिलेल्या दोरीला, आणि ती दोरी हवेत मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबून मगच पुढे सोडायची असते. ज्याने बैलगाडीवर बसून आसूड वाजवला आहे त्याला ही गोष्ट दहा मिनिटांत कळते, कारण आसुडाचा आवाज निघतो तो जोराने नव्हे, तर मागे क्षणभर थांबल्याने. ज्याला वीस वर्षे शिसे भिरकावण्याची सवय आहे त्याचा हात मात्र थांबायला तयार होत नाही, आणि त्या हाताला थांबायला लावणे हे गाईडचे पहिल्या दिवसाचे काम असते.

तरीही फेकणे हा लहान भाग आहे, मोठा भाग पाणी वाचण्याचा आहे. आपल्या नद्यांत उन्हाळ्यात डोह उरतात आणि मासा डोहात असतो, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. डोंगरी नदीतला ट्राउट मात्र वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर, एखाद्या धोंड्याच्या पुढच्या किंवा मागच्या बगलेत, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. कमी श्रमात उभे राहता यावे आणि वाहत येणारे खाणे तोंडासमोरून जावे, एवढाच त्याचा हिशेब असतो. तो प्रवाहाच्या वरच्या बाजूला पाहत असल्यामुळे त्याच्याकडे खालच्या अंगाने, वाकून जावे लागते. आमच्या तिसऱ्या फेरीत तीर्थन नदीवर नागिनीजवळ गाईडने दोरी सोडायच्या आधी पाण्यातला एक चपटा दगड उचलून उलटा केला. त्याच्या तळाला वाळूचे कण चिकटवून केलेल्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान नळ्या होत्या, आणि एका नळीतून कॅडिस माशीची अळी डोके बाहेर काढत होती. त्याने ती आम्हाला दाखवली, दगड होता तसाच परत ठेवला, आणि मग डबीतून त्याच रंगाची, त्याच मापाची फ्लाय काढली. आधीची दोन वर्षे आम्ही डबीतली सर्वांत देखणी फ्लाय निवडत होतो.

ट्राउट आपल्या तापीत का नाही?

ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचे, प्राणवायूने भरलेले, वाहते पाणी मानवते. पाणी 20 अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. मे महिन्यात 44-45 अंशांच्या हवेत तापणाऱ्या आपल्या नद्यांत तो जगणे शक्य नाही. खरे तर तो हिमालयातलाही मूळ रहिवासी नाही. इंग्रजांच्या काळात ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने आणून काश्मिरात वाढवण्यात आली. पहिली खेप वाटेतच नासली आणि त्यानंतरची, 1900 च्या सुमाराची, टिकली. हिमाचलात 1909 मध्ये कुल्लू खोऱ्यात महिली येथे अंडी उबवण्याचे केंद्र सुरू झाले आणि तेथून तो आसपासच्या नद्यांत पसरला. रेनबो ट्राउट हा त्याचा उत्तर अमेरिकेतून आलेला भाऊबंद. पतलीकुहलसारख्या मत्स्यकेंद्रांत तोच पाळला जातो आणि हॉटेलच्या ताटात बहुतेक वेळा तोच असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणती नदी निवडावी?

आमचे मत स्पष्टपणे तीर्थनच्या बाजूचे आहे. कुल्लू जिल्ह्यातल्या बंजार आणि गुशैनी या गावांजवळून ती वाहते, तिच्यावर धरणे नाहीत, रस्ता बराच अंतर नदीकाठाने जातो, आणि गावातली घरेच पाहुण्यांना उतरवून घेतात. त्यामुळे गाईड आणि मुक्काम एकाच ओळखीत जमतात. मंडी जिल्ह्यात बरोटजवळची उहल नदी लहान असल्यामुळे नवशिक्याला तिचे पाणी वाचणे सोपे जाते. रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बास्पा या नद्या सुंदर आहेत, पण प्रवास लांबचा आहे आणि बास्पाच्या काठी 2,600 मीटरच्या वर पहिले दोन दिवस केवळ दम सावरण्यात जातात. काश्मिरात लिद्दर आणि सिंध यांसारख्या नद्यांचे ठराविक टापू आखलेले असून परवाना त्या टापूचाच मिळतो. तेथे जाणाऱ्याने हा टापू आणि गाईड आधी ठरवावा आणि तिकिटे नंतर काढावीत; आमच्यातल्या एकाने उलटे केले आणि तीन दिवस शिकारा-नावेत बसून काढले.

कोणत्या महिन्यात जावे?

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. हा त्याच्या विणीचा काळ आहे. मादी वाळू-गोट्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते, आणि त्या गोट्यांवरून चालत गेलेला माणूस गळ न टाकताही नुकसान करतो. उरलेल्या महिन्यांपैकी मार्चचा उत्तरार्ध ते मेचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दोन काळ आम्ही धरतो. मेअखेरीपासून बर्फ वितळून पाणी वाढते आणि दुधट होते, पुढे पाऊस येतो, आणि गढूळ पाण्यात फ्लाय माशाला दिसत नाही. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडचे लोक नेमके मेअखेरीस निघतात. मुलांसाठी जायचे असेल तर जरूर जावे, पण तेव्हा मासा मिळाला नाही म्हणून गाईडला बोल लावू नये.

परवाना कोण काढतो?

परवाना राज्याचा मत्स्य विभाग देतो, तो दिवसागणिक आणि गळागणिक असतो, आणि तो काढण्याची जबाबदारी कायद्याने आपली आहे. गाईड आपल्या वतीने तो काढून देतो ही सोय झाली. किमान किती लांबीचा मासा ठेवता येतो आणि दिवसाला किती, हे नियम त्यावरच लागू होतात. सकाळी पाण्यावर जाण्याआधी तो कागद स्वतः वाचावा, खिशात ठेवावा. “साहेब, आपलीच नदी आहे, कोण विचारतो” असे म्हणणारा गाईड भेटला तर तेथूनच परत फिरावे. परवाना नसताना आपण पकडले गेलो तर दंड आपल्याला होतो, त्याला नाही. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरण्यासाठी वेगळी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

चांगला गाईड ओळखायचा कसा? इथे बसून फोनवर काय विचारावे?

फोटो पाहून ओळखू नये. हातभर ट्राउट धरलेला फोटो प्रत्येकाकडे असतो आणि तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या नदीचा आणि कोणी पकडलेला हे फोटो सांगत नाही. फोनवर आम्ही पहिला प्रश्न असा विचारतो: “भाईजी, आज पाणी कसे आहे?” जो रोज नदीवर असतो तो लगेच सांगतो की काल वर पाऊस झाला, पाणी चढले आहे, पण परवापर्यंत निवळेल, किंवा सकाळी थंड असते म्हणून दहानंतरच निघतो. जो फक्त हॉटेलची खोली विकतो तो म्हणतो, “एकदम बढिया, आप आ जाइए.” या एका उत्तरावरून निम्मे काम होते.

त्यानंतर विचारावे की एका वेळी तो किती जणांना घेऊन जातो. नवशिके असतील तर दोघांमागे एक गाईड हे आमच्या दृष्टीने शेवटचे टोक आहे. चौघांना घेऊन निघालेला गाईड दिवसभर झाडांत अडकलेल्या फ्लाय सोडवत फिरतो. मग विचारावे की पाणी गढूळ झाले तर तो काय करतो. चांगल्या गाईडकडे मुख्य नदीला मिळणारा एखादा स्वच्छ ओढा किंवा त्या दिवशी फेकण्याचा सराव घेण्याची योजना तयार असते. तो पाण्यात उतरताना काठी देतो का, प्रथमोपचाराची पेटी बरोबर ठेवतो का, आणि जेथे मोबाईलला रेंज नाही तेथे काही झाले तर जवळचा दवाखाना किती लांब आहे, हेही विचारावे. या प्रश्नांवर तो हसला तर तो आपल्या कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. गाईड कोणत्या गावचा आहे हे विचारावे. नदीचा काठ हा कोणाच्या तरी शेताचा, सफरचंदाच्या बागेचा किंवा देवतेच्या जागेचा असतो, आणि गावचा माणूस बरोबर असला की कुंपणाची फळी बाजूला सरकवून कोणी हटकत नाही. काही ठिकाणी देवस्थानाजवळचे मासे पवित्र मानले जातात आणि तेथे कोणी गळ टाकत नाही; मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळचे मछियाल त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. बाहेरून आलेल्या गाईडला अशा जागा नकाशावर सापडत नाहीत.

पैसे कसे ठरवावेत?

दर हंगामागणिक आणि गावागणिक बदलतो, म्हणून येथे आकडा दिलेला नाही; पण त्या आकड्यात काय येते हे बोलून घेणे आकड्याहून महत्त्वाचे आहे. परवान्याची फी, गळ आणि फ्लाय यांचे भाडे, पाण्यात घालायचे बूट, दुपारचे जेवण आणि नदीपर्यंतची गाडी यांपैकी काय आत आहे आणि काय वेगळे, दिवस किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपतो, हरवलेल्या फ्लायचे पैसे लागतात का, आणि पावसाने दिवस बुडाला तर आगाऊ रकमेचे काय, एवढे मोबाईलवर लिहून घ्यावे. तोंडी ठरलेले तिकडेही तोंडीच राहते. दुसऱ्या वर्षी आम्ही एका एजंटाला संपूर्ण रक्कम आगाऊ पाठवली आणि बस स्टँडवर उतरल्यावर कळले की ज्याच्या नावाने ती घेतली त्या स्थानिक पोराला त्यातला फारच थोडा भाग मिळणार होता. तो पोरगा बिचारा दोन दिवस आमच्याबरोबर मनापासून राबला, आणि एजंटाचा फोन त्यानंतर लागला नाही. तेव्हापासून आम्ही थोडी रक्कम आगाऊ देतो आणि बाकीची रोज संध्याकाळी गाईडच्या हातात ठेवतो. रोख बरोबर असावी, कारण खोऱ्यात रेंज गेली की यूपीआयही जाते.

मासा मिळाला नाही तर पैसे परत मागता येतात का?

नाही. मजूर लावून विहीर खणली आणि पाणी लागले नाही म्हणून मजुरी कापत नाहीत.

साहित्य इथून न्यावे की तिथे भाड्याने घ्यावे?

पहिल्या फेरीला भाड्याने घ्यावे. त्या नद्यांना साधारण साडेआठ ते नऊ फुटी, चार किंवा पाच क्रमांकाचा गळ (म्हणजे काठी; क्रमांक तिला लागणाऱ्या दोरीच्या वजनाचा), तरंगणारी दोरी आणि टोकाला बारीक होत जाणारा नऊ फुटांचा लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांमधला धागा, पुरतो; गाईडकडे तो असतोच. नंतर विकत घेतलाच तर चार तुकड्यांचा, नळीत मावणारा घ्यावा, म्हणजे रेल्वेच्या वरच्या बर्थवर निमूटपणे झोपतो. फ्लायमध्ये फेझंट टेल, हेअर्स इअर यांसारख्या बुडणाऱ्या निंफ (पाण्यातल्या अळीसारख्या फ्लाय) आणि ॲडम्ससारखी एखादी तरंगणारी एवढ्यावर दिवस निघतो. स्वतःचे म्हणून दोनच गोष्टी आवर्जून न्याव्यात: पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा, ज्यामुळे दगडामागचा मासा दिसतो आणि उलटून येणाऱ्या फ्लायपासून डोळाही वाचतो, आणि काठाची टोपी. लोकरीचे मोजे जास्तीचे घ्यावेत.

पकडलेला मासा खाता येतो का?

परवान्यावरच्या मापात आणि संख्येत बसत असेल तर येतो. तरीही तीर्थनवरचे बहुतेक चांगले गाईड मासा परत सोडायला सांगतात, आणि आम्हीही तसेच करतो, कारण थंड पाण्यातला जंगली ब्राउन ट्राउट सावकाश वाढतो. सोडायचा तर नीट सोडावा. आकड्याचा काटेरी खाच असलेला भाग आधीच चिमट्याने दाबून सपाट करून घ्यावा. हात पाण्यात ओले करून मगच माशाला लावावेत, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि फोटोसाठी आपला श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ त्याला पाण्याबाहेर ठेवावे. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला हातात सैल धरावे. शेपटी मारून तो स्वतःच निसटतो. खायची हौस असेल तर मत्स्यकेंद्राचा रेनबो विकत मिळतो, आणि सोबत नेलेला लाल मिरचीचा ठेचा लावून तव्यावर भाजला तर आपल्या माणसांना तो फिकाही लागत नाही.

नदीत उतरणे कितपत सुरक्षित आहे?

आपल्या नद्या पावसाळ्यात वाढतात आणि आपण त्याची वाट पाहतो. तिकडे पाणी निरभ्र आकाशाखालीही वाढते, कारण वर कोठेतरी बर्फ वितळलेले असते किंवा धरणाचा दरवाजा उघडलेला असतो. 8 जून 2014 रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात फोटो काढत असलेले हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थन याच लारजीजवळ बियासला मिळते. तीर्थनच्या वरच्या भागात धरण नाही, पण लारजीच्या खाली बियासच्या पात्रात उतरायचे असेल तर गाईडने त्या दिवशीच्या विसर्गाची चौकशी केली आहे की नाही हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि भोंगा ऐकू आला तर गळ टाकून देऊन काठ गाठावा.

इतर वेळी नियम साधे आहेत. गुडघ्याच्या वर पाणी नको. प्रवाहाच्या वरच्या बाजूला काठी रोवून, एका वेळी एकच पाय उचलून, आडवे चालावे. गोट्यांवरचे शेवाळ आपल्या घाटाच्या पायऱ्यांवरच्या शेवाळापेक्षा कमी निसरडे नसते. पाणी अचानक मातकट झाले किंवा काडीकचरा वाहू लागला, तर वर काहीतरी घडले आहे असे समजावे. गाईड “बाहर आइए” म्हणाला की गळाला मासा लागलेला असला तरी बाहेर यावे. आम्ही गाईडला पैसे देतो ते या दोन शब्दांसाठी. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

वडील साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांना पोहता येत नाही. त्यांना न्यावे का?

जरूर न्यावे. फ्लाय काठावरूनही टाकता येते, आणि गाईडला हे आधी सांगितले तर तो उतार नसलेली, बसायला सपाट धोंडा असलेली जागा निवडतो. आमच्या मंडळातले नाना बहात्तराव्या वर्षी गुशैनीला काठावरूनच मासेमारी करत होते. त्यांचा हात मात्र बैलगाडीवर तयार झालेला होता.

भाषेची आणि जेवणाची अडचण येते का?

हिंदी सगळीकडे चालते. आपली खानदेशी वळणाची हिंदी त्यांना मजेशीर वाटते. जेवणात राजमा, भात, डाळ आणि सिड्डू (सारण भरून वाफवलेली रोटी) मिळतात. ज्यांना भाकरीवाचून चालत नाही त्यांनी कळण्याचे पीठ न्यावे, घरमालकीण तवा देते.

भुसावळ-जळगावहून जायचे कसे?

पंजाब मेल किंवा दिल्लीकडे जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही गाडीने दिल्ली गाठावी, तेथून संध्याकाळी सुटणारी मनालीची बस घ्यावी आणि पहाटे औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरावे. बस बोगद्यातून गेली तर आपण पुढे गेलात असे समजावे, म्हणून वाहकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. औटहून बंजारपर्यंत बस आणि टॅक्सी मिळतात; गाईडला गाडीचे सांगून ठेवले तर तो स्वतः न्यायला येतो आणि वाटेत नदीचे रंग दाखवत नेतो.

निघण्याआधी इथे सराव करता येईल का?

येईल, आणि करावाच. मोकळ्या मैदानावर आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून रोज वीस मिनिटे, आठ दिवस फेकले तरी गाईडचा पहिला अर्धा दिवस वाचतो. पाण्यावरच करायचा असेल तर हतनूर, वाघूर यांसारख्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात, म्हणून आधी त्यांना विचारावे. भोई मंडळी हा पिसांचा किडा पाहून हसतात, पण हो म्हणतात.

गाईडसाठी काही न्यावे का?

काम आवडले तर शेवटच्या दिवशी बक्षिसी वेगळी द्यावी. दारूची बाटली नेऊ नये. नदीवरच्या माणसाला ती देणे बरे नाही. आम्ही जळगावहून केळीच्या वेफर्सची मोठी पुडकी नेतो, एक तिखट आणि एक साधे, आणि पुढच्या वर्षी फोन केला की गाईडच्या घरातून मुले आधी वेफर्सचेच विचारतात.